पडद्यासमोर : माय-लेकीची बडबड आणि फीचे पैसे

मागच्या अंकात 'गिलमोर गर्ल्स'चा ओझरता उल्लेख काय केला, या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा जवळजवळ तिच्याच नावावर निघाला. ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात स्टार्स हॉलो नावाचं एक काल्पनिक गाव आहे. तिथे राहणारी लॉरेलाय सोळाव्या वर्षी लग्नावाचून आई झाली, श्रीमंत आईबापांचं घर सोडून बाळासकट बाहेर पडली आणि एका लॉजमध्ये साफसफाई करत करत तिथली व्यवस्थापक झाली. आता तिची लेक रोरी सोळाची आहे. २००० ते २००७ अशी सात वर्षं, १५३ भाग. नंतर २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर आणखी चार लांबलचक भाग आले. हसवते, मधेच रडवते. पत्रं घेते आता.

मॅडम, मी नीटची तयारी करते. रूमवरच्या मैत्रिणीच्या आग्रहाखातर पहिला भाग लावला. दोघी इतक्या भरभर बोलतात की सबटायटल वाचू की चेहरे बघू तेच कळेना. पंधरा मिनिटांत बंद केलं. समीक्षकांनी हिला एवढं डोक्यावर का घेतलं?
— एक विद्यार्थिनी, लातूर

अगं, ज्या गोष्टीने तुझं डोकं उठलं त्याच गोष्टीसाठी त्यांनी तिला डोक्यावर घेतलं! तासाभराच्या अमेरिकी मालिकेची संहिता साधारण पन्नासेक पानांची असते. हिची सत्तर-ऐंशी पानांपर्यंत जायची, आणि वेळ तेवढाच. मग बोलणार कशा? पळतच बोलणार. सेटवर संवाद घोकून घेणारा माणूस वेगळा ठेवलेला असायचा. कॅमेराही फारसा तोडत नाहीत; दोघी चौकातून चालत निघाल्या की बोलणं संपेपर्यंत तो मागे-पुढे चालतो. म्हणजे शेवटच्या वाक्याला एखादीची जीभ अडखळली तर सगळं पहिल्यापासून. निर्माती एमी शर्मन-पॅलाडिनो हिने हे हट्टाने जपलं. समीक्षकांना त्यात १९३०-४०च्या हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांची ठसक दिसली, तेव्हाच्या नट्या नटांना बोलण्यात हार जायच्या नाहीत ना, तशी. त्या काळी टीव्हीवर सोळा वर्षांच्या मुली एक तर रडायच्या नाही तर प्रेमात पडायच्या. ही पोरगी पुस्तकं वाचते आणि आईला उलट उत्तर देते, तेही विनोदाने. लोकांना ते नवं वाटलं.

आणि सगळे संदर्भ कळायलाच पाहिजेत असं मनाला लावून घेऊ नकोस. मालिकेचे डीव्हीडी संच निघाले तेव्हा त्यांच्यासोबत संदर्भ उलगडून सांगणाऱ्या छोट्या पुस्तिका दिल्या होत्या, त्याही अमेरिकी प्रेक्षकांसाठी. म्हणजे त्यांचीही तीच गत होती. आमच्या एक मावशी शेजारी बसून काही वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ह्या माय-लेकी दम कवा घेत्यात गं?" मला वाटतं, मोठमोठ्या समीक्षणांपेक्षा हा प्रश्न नेमका आहे. लॉरेलाय दम घेत नाही, कारण दम घेतला की समोरचा काहीतरी विचारेल. स्वतःच्या आईच्या जेवणाच्या टेबलावर बसली की तिचा तोंडाचा पट्टा सगळ्यात जोरात सुटतो ते बघ. ती घाबरलेली असते तेव्हा जास्त विनोदी होते. हे लॉरेलायचं काम करणाऱ्या लॉरेन ग्रॅहमने कुठेही अधोरेखित न करता करून दाखवलंय.

पण आत्ता नको. परीक्षा होऊ दे, मालिका काही पळून जात नाही.

आपण मालिकेची एवढी स्तुती केलीत. इतकी थोर होती तर मग पुरस्कार कुठे आहेत? की परदेशी म्हटलं की सगळं चांगलंच?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी

सर, टोमणा पोचला. पुरस्कारांचा हिशेब देते. सात वर्षांत या मालिकेला एमी (अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिक) मिळालं ते एक. २००४ साली. कशासाठी? रंगभूषेसाठी! गावातली माणसं जुन्या प्रसिद्ध चित्रांतल्या व्यक्तींसारखी नटून स्तब्ध उभी राहतात असा एक भाग आहे, त्याच्या मेकअपला. जी मालिका बोलण्यावर उभी होती तिला न बोलता उभं राहण्याचं बक्षीस मिळालं, यावर मी काही वेगळं बोलायची गरज नाही.

लॉरेन ग्रॅहमला एमीचं साधं नामांकनही कधी मिळालं नाही. आजीचं, म्हणजे एमिलीचं काम करणाऱ्या केली बिशपलाही नाही. मला विचाराल तर हे दुसरं जास्त लाजिरवाणं. मात्र समीक्षकांनी मालिकेला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. अमेरिकेतल्या टीव्ही समीक्षकांच्या संघटनेने २००१ मध्ये तिला त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा कार्यक्रम ठरवलं, अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००२च्या निवडक मालिकांत घेतलं. गोल्डन ग्लोब या दुसऱ्या पुरस्काराचं नामांकन ग्रॅहमला मिळालं ते नाट्य विभागात.

नाट्य विभागात का, हीच खरी मेख. तासभराची मालिका म्हणजे गंभीर आणि अर्ध्या तासाची म्हणजे विनोदी, असा तिकडे सरळ हिशेब होता. ही तासभर चालून हसवणारी. कोणत्या रकान्यात टाकायची? आपल्याकडे फॉर्म भरताना 'इतर' असा रकाना तरी असतो. त्यात ती दाखवली जायची 'द डब्ल्यूबी' नावाच्या छोट्या वाहिनीवर, जिची ओळख पोरासोरांची वाहिनी अशी होती. आणि पहिल्या वर्षी वेळ दिली गुरुवारी रात्री आठची, म्हणजे थेट गाजलेल्या 'फ्रेंड्स'च्या समोर. त्याच हंगामात तिसरीकडून 'सर्व्हायव्हर'ही त्याच वेळेला येऊन बसलं. तरीही ती जगली, आणि दुसऱ्या वर्षी मंगळवारी हलवल्यावर अंगाने भरली.

आणखी एक गंमत. काही बड्या जाहिरातदार कंपन्यांनी 'घरच्या सगळ्यांना एकत्र बसून बघता येतील' अशा मालिकांच्या लेखनासाठी एक निधी काढला होता. त्या पैशातून उभी राहिलेली ही पहिली मालिका. संस्कारी मालिकेसाठी पैसे ठेवले आणि त्यातून निघाली लग्नावाचून आई झालेल्या बाईची गोष्ट! पण खरंच घरच्यांनी एकत्र बसून पाहिली, हेही तितकंच खरं.

शर्मन-पॅलाडिनोबाईंना एमी मिळालं ते २०१८ मध्ये, 'द मार्व्हलस मिसेस मेझल'साठी. लेखनाचंही आणि दिग्दर्शनाचंही. तोच वेग, तीच फटकळ बाई, तेच डोक्यावर बसलेले आईबाप. फक्त खर्च मोठा आणि कपडे भारी. बायकांच्या स्वयंपाकघरातल्या गप्पांना भारी पडदे लावले की परीक्षकांना त्यात कला दिसते, असं माझं वाईट मत आहे. तुम्ही खुशाल खोडून काढा.

बाई, मी एकटी आहे, एका दवाखान्यात बिलिंगचं काम करते. लेकीच्या अकरावी-बारावीच्या क्लासची फी भावाकडून उसनी घेतली. जमिनीची हक्कसोड मी मागेच करून दिली आहे, तरी माहेरी गेलं की वहिनी फीचा विषय काढतेच. लेक ही मालिका बघते आणि म्हणते, आपणही अशा मैत्रिणी होऊ. मला ती लॉरेलाय पटत नाही. सगळे तिला आदर्श आई म्हणतात का हो?
— एक आई, अंबाजोगाई

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. या गठ्ठ्यातला मालिकेच्या गाभ्याला हात घालणारा प्रश्न तुमचाच आहे, कारण तुम्ही फीपासून सुरुवात केलीत. सुरुवातीच्या समीक्षकांपैकी बहुतेकांनी मैत्रीपासून केली होती.

पहिला भाग आठवा. रोरीला चिल्टन नावाच्या महागड्या शाळेत प्रवेश मिळतो. पैसे नाहीत. लॉरेलाय सगळे मार्ग चाचपून शेवटी वर्षानुवर्षं फक्त सणासुदीला पाय ठेवलेल्या घरात जाते आणि आईबापांसमोर बसून कर्ज मागते. मोठं घर, चकचकीत बैठकीची खोली, आणि ही कोटसुद्धा न काढता बसल्यासारखी. बाप, रिचर्ड, चेक लिहायला तयार होतो. आई थांबवते. एमिलीची अट असते : दर शुक्रवारी रात्री दोघींनी इथे जेवायला यायचं. व्याज नाही, तारण नाही, फक्त जेवण. लॉरेलायचा चेहरा बघा त्या वेळी. व्याज परवडलं असतं, असं त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि तिची उलट अट काय? रोरीला या कर्जाचं कळू द्यायचं नाही. तुम्हीही भावाला असंच काही सांगितलं असेल, असं मला आपलं वाटून गेलं.

आता हा पैसा पुढे कुठे कुठे जातो बघा. तिसऱ्या सीझनमध्ये वडील लॉरेलायच्या जन्माच्या वेळी तिच्या नावाने गुंतवलेल्या रकमेचा चेक तिला देतात, ७५,००० डॉलरचा. ती त्यातून आईचं देणं फेडून टाकते, मोठ्या ऐटीत. एमिली तो चेक हातात घेते आणि तिचा चेहरा उतरतो, कारण फिटलं ते कर्ज नव्हतं, शुक्रवार होता. पुढे हातात पैसा दिसल्यामुळे रोरीची येल विद्यापीठातली आर्थिक मदत हुकते, आणि मग रोरी स्वतः आजीआजोबांकडे जाऊन कर्ज मागते, तीच शुक्रवारची अट पुढे करून. नंतर येलचा खर्च उचलतो तो वारशाने श्रीमंत झालेला रोरीचा बाप. आणि २०१६च्या भागांत, नातीच्याही शिक्षणाचं सगळं उरकल्यावर, पन्नाशीला टेकलेली लॉरेलाय आपलं लॉज वाढवायला पुन्हा आईकडेच पैसे मागते. एमिली पुन्हा अट घालते, सुट्ट्यांमध्ये माझ्याकडे येऊन राहायचं. कर्जाने सुरू झालेली मालिका कर्जावरच येऊन थांबते. हे लिहिणाऱ्याच्या हातून सहज झालेलं नाही.

समीक्षकांचं म्हणाल तर आधी त्यांनी लॉरेलायला मनमोकळी, आधुनिक आई म्हणून उचलून धरलं. 'आई की मैत्रीण' यावर तर ढिगाने लिहून झालं. पुढे, विशेषतः २०१६च्या आसपास, सूर बदलला. स्वतःच्या पायावर उभी राहिले म्हणणाऱ्या बाईच्या पाठीशी अर्ध्या तासावर आईबापांचा हार्टफोर्डचा बंगला कायम उभा होता, ती कधी खरी पडलीच नसती, असं लिहिलं जाऊ लागलं. मला हे म्हणणं पटतं, पण ते अर्धं आहे. पैसा आहे म्हणून अपमान कमी होत नाही. फरक एवढाच की रिचर्ड-एमिलीला एकच मुलगी आहे. तिथे भाऊ नाही, वहिनी नाही आणि सह्या घ्यायला हक्कसोडीचा कागद नाही. तुम्ही आपला वाटा सोडून दिला आणि नंतर त्याच घरातून लेकीच्या फीसाठी उसने घेतले. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या १९९४च्या दुरुस्तीने आला, देशभर २००५ला. आपल्याकडे मात्र रक्षाबंधनाच्या आगेमागे बहिणीला तालुक्याला नेऊन सही घ्यायची पद्धत त्याहून जुनी आणि जास्त मजबूत निघाली. त्यामुळे वहिनीने विषय काढला तर खाली मान घालू नका. कोण कुणाचं देणं लागतं, याचा हिशेब तुमच्या घरी वेगळा आहे.

लॉरेलाय आदर्श आई आहे का? नाही, आणि मालिकाही तसं म्हणत नाही. सहाव्या सीझनमध्ये रोरी कॉलेज सोडून आजीच्या घरी राहायला जाते आणि या जिवलग मैत्रिणी भाग-भाग एकमेकींशी बोलत नाहीत. त्या वेळी प्रेक्षक भयंकर चिडले होते. मला तो मालिकेचा सगळ्यात प्रामाणिक तुकडा वाटतो. मैत्रिणीने कॉलेज सोडलं तर आपण समजूत घालतो. लेकीने सोडलं तर घशाखाली घास उतरत नाही. लेकीला म्हणावं, मैत्रीण हो, पण तो भाग आधी बघ.

सातवा सीझन सोडून दिला तर चालेल का? नेटवर सगळे नावं ठेवतात.
— एक वाचक, जालना

नावं ठेवायला कारण आहे. सहाव्या सीझननंतर कराराचं फिसकटलं आणि शर्मन-पॅलाडिनो व त्यांचे पती डॅनियल दोघंही बाहेर पडले. सातवा सीझन डेव्हिड रोझेंथल यांनी चालवला. वाक्यं तशीच, पण ताल गेला. तरी शेवटचा भाग बघाच, गाव जमतं तो. मालिकेचे शेवटचे शब्द निर्मातीच्या डोक्यात पहिल्यापासून ठरलेले होते, ते तिने २०१६ला सांगून घेतले. कोणते ते मी इथे लिहीत नाही, मागे एकदा एका चित्रपटाचा शेवट फोडला तर वाचक अजून बोलून दाखवतात.

मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. रोरीला सगळे एवढ्या शिव्या का देतात? मला तर ती आपल्यातलीच वाटते.
— एक विद्यार्थी, नांदेड

आपल्यातली? येलची पदवी, आजोबांचं घर आणि लंडनला सहज ये-जा, हे आपल्यातलं असेल तर नांदेड फारच पुढे गेलंय, बाबा!

थट्टा सोड. पाचव्या सीझनमध्ये एक बडा वृत्तपत्र-मालक रोरीला तोंडावर सांगतो की तुझ्यात पत्रकाराचं पाणी नाही. ती कोलमडते, नौका चोरते, कॉलेज सोडते. २००७च्या शेवटच्या भागात मात्र ती एका ऑनलाइन मासिकासाठी बराक ओबामांच्या प्रचाराच्या बसमागे निघते. ओबामा तेव्हा निवडून यायचे होते, त्यामुळे आज बघताना तो निरोप जरा जास्तच शुभ वाटतो. आणि २०१६ला बघावं तर बत्तीस वर्षांची रोरी! एक गाजलेला लेख, बाकी हात रिकामे. मुलाखतीला तयारी न करता जाते. लग्न ठरलेल्या माणसाशी संबंध ठेवते आणि स्वतःच्या मित्राचं अस्तित्वच विसरते. समीक्षक तुटून पडले. लहानपणापासून सगळ्यांनी 'किती हुशार गं' म्हटलेली पोरगी पहिल्या नकाराला आडवी होते, असं त्यांचं म्हणणं. त्याच वेळी मालिकेच्या इतर खोडीही बाहेर निघाल्या. पोहण्याच्या तलावाकाठी जाड माणसांवर केलेले विनोद कुणालाच आवडले नाहीत. जवळजवळ सगळं गाव गोरं. रोरीची मैत्रीण लेन आणि तिची आई कोरियन वंशाच्या दाखवल्या, पण दोन्ही कामं जपानी वंशाच्या अमेरिकी अभिनेत्रींनी केली आहेत, हेही बोललं गेलं. हे आक्षेप रास्त आहेत.

रोरीबद्दल मात्र मी समीक्षकांच्या बाजूने नाही. तिचं चुकणं हेच २०१६च्या भागांतलं खरं आहे. पुढे ती आपल्या गावच्या चिमुकल्या वर्तमानपत्राची संपादक होते, बिनपगारी. आता तू म्हण आपल्यातली! आपल्या तालुक्यातालुक्यातले वार्ताहर काय मानधनावर जगतात? जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा मिळवल्या की महिना निघतो. रोरीला शुभेच्छांच्या जाहिराती मागाव्या लागत नाहीत, तिचं भागतं. इथे ती आपल्यातली राहत नाही. हे तू एखाद्या शोधनिबंधात लिही, वर्गात वाचून दाखव, मी ऐकायला येईन.

मराठीत अशी मालिका का होत नाही?
— दोन-तीन वाचकांचा प्रश्न

सात वर्षांत १५३ भाग त्यांनी केले. आपल्याकडे आठवड्याला सहा भाग पाडायचे म्हटलं तर तेवढे सहा महिन्यांत होतात. ऐंशी पानांची संहिता रोज कोण लिहील? म्हणून मग एकीने दुसरीकडे बघायचं, तिसरीने दचकायचं, ढोल वाजवायचा आणि दिवस काढायचा. लेखकांची कुवत कमी आहे असं मला वाटत नाही. उदगीरच्या नाही तर सेलूच्या एखाद्या माय-लेकीला बाजारातून भाजी आणताना नुसतं टिपून घ्या, संवाद तयार आहेत. वेळ द्यायला कुणी तयार नाही.

आजीला इंग्रजी येत नाही. तिला सोबत बसवून बघता येईल का? ती एकटीच असते दिवसभर.
— एक वाचिका, हिंगोली

येईल. संवादांचा अर्थ सांगत बसू नकोस, दोघींचीही दमछाक होईल. सुरुवातीला एवढंच सांग की ही म्हातारी श्रीमंत आहे, हिची लेक सोळाव्या वर्षी घर सोडून गेली आणि आता पैशासाठी परत आली. बाकी केली बिशपचा चेहरा सांगतो. ती मूळची नर्तकी, नाटकासाठी टोनी पुरस्कार मिळवलेली, नुसता ग्लास ठेवते त्यातही राग कळतो. २०१६च्या भागांत ती नवऱ्याच्या शोकात आहे (ते काम करणारे एडवर्ड हरमन खरोखरच २०१४च्या अखेरीस गेले होते), आणि त्या कामाची तर समीक्षकांनीही एकमुखाने तारीफ केली. तिथे आजीला रुमाल लागेल.

शुक्रवारच्या जेवणाचा प्रसंग आला की आजीला हाक मार. मधल्या कॉफी आणि बॉयफ्रेंडच्या भानगडीत त्यांना खुशाल डुलकी काढू दे.